इंजेक्शननंतर घोडी शांत झाली होती, मग गेली कशी?

प्रश्न थोडक्यात असा: "माझी नऊ वर्षांची मारवाडी घोडी दीड महिन्यापूर्वी व्याली होती. रात्री ११ वाजता तिचं पोट दुखायला लागलं. पुढच्या पायानं जमीन उकरायची, मान वळवून पोटाकडे बघायची, मग लोळायला लागली. डॉक्टरांनी १२ वाजता इंजेक्शन दिलं आणि अर्ध्या तासात ती शांत झाली. पहाटे ४ पर्यंत उभी होती, पण चाऱ्याला तोंड लावलं नाही. ४ नंतर पुन्हा सुरू झालं. दुसरं इंजेक्शन दिलं, पुन्हा गप्प झाली. सकाळी अंग गार पडलं, घाम सुटला आणि ११ च्या सुमारास गेली. पोट उघडलं तेव्हा मोठं आतडं काळंजांभळं आणि ओल्या पोत्यासारखं जड निघालं. डॉक्टर म्हणाले, पीळ पडला होता, आतड्याला इजा आणि सूज झाली. इंजेक्शन चुकलं का? ती शांत होती तेव्हा आत काय चाललं होतं? घरी अजून दोन घोडे आहेत आणि तिचं शिंगरू आहे."

भाऊ, आधी मनावरचं एक ओझं उतरवा. पहिलं इंजेक्शन चुकलं नाही. कळा येत असताना घोडा स्वतःला आपटून घेतो, डोळे-कपाळ फोडून घेतो, जवळ उभ्या माणसालाही इजा करतो. दुखणं थांबवल्याशिवाय त्याला नीट तपासताच येत नाही. तुमच्या जागी बोलावणं मला आलं असतं तर मीही तेच दिलं असतं. हातातून गेले ते १२ ते ४ हे चार तास. घोडी उभी आहे, लोळत नाही, म्हणजे बरी आहे असं सगळ्यांना वाटलं. गेली २७ वर्षं मी घोड्यांवर उपचार करतोय आणि हा घोटाळा मी स्वतः केलेला आहे.

माझ्या प्रॅक्टिसचं तिसरं वर्ष असेल. टांग्याचा घोडा होता, वय झालेलं. रात्री २ वाजता इंजेक्शन दिलं, घोडा शांत झाला, मालकानं चहा पाजला आणि मी समाधानानं घरी आलो. सकाळी ६ ला त्याचा मुलगा दारात उभा. "साहेब, रात्री तर झोपल्यासारखा उभा होता." पोट उघडलं तर लहान आतड्याचा तीनेक मीटर भाग काळा पडलेला. चरबीच्या देठाळ गाठीनं त्याला फास लावला होता. म्हाताऱ्या घोड्यांत हे होतं. त्या आतड्याचा वास अजून आठवतो. आणि हेही आठवतं की निघताना मी नाडी मोजली नव्हती. मोजली असती तर ती ७०-८० च्या खाली आलेली दिसली नसती.

आता तुमच्या घोडीच्या पोटात काय झालं ते सांगतो.

घोड्याच्या पोटाची रचनाच अडचणीची आहे. त्याला ओकता येत नाही. जठर लहान, ८ ते १५ लिटरचं. त्याच्या पुढे वीसेक मीटर लहान आतडं. मोठं आतडं मात्र प्रचंड, पाऊणशे-ऐंशी लिटर माल मावेल एवढं, आणि ते बहुतेक सगळं पोटात मोकळं पडलेलं असतं. दोन टोकं सोडली तर पोटाच्या भिंतीला ते कुठे बांधलेलंच नाही. त्यात वायू साचला की ते तरंगतं, सरकतं आणि कधी स्वतःभोवती फिरतं. व्याल्यावर पहिल्या तीनेक महिन्यांत घोडीला हा धोका जास्त असतो. दीड महिन्यापूर्वी व्याली होती असं तुम्ही लिहिलंत, तिथेच मला मोठ्या आतड्याच्या पिळाची शंका आली. तुम्ही सांगितलेल्या वेळा बघता, माझा अंदाज असा की ११ वाजता आतडं नुसतं सरकलं असावं किंवा अर्धवट फिरलं असावं, आणि पूर्ण पीळ पहाटे पडला असावा. पहिल्याच तासात पूर्ण पीळ असता तर साध्या इंजेक्शननं ती चार तास उभी राहिली नसती. म्हणजे काही तास हातात होते. हे वाचून वाईट वाटेल, पण तुमच्या उरलेल्या दोन घोड्यांसाठी तुम्हाला हे माहीत असायला हवं.

पीळ पडला की आधी शिरा दबतात. त्यांची भिंत पातळ असते. धमनीची भिंत जाड, आत दाबही जास्त, म्हणून ती बराच वेळ रक्त आत ढकलत राहते. नळ चालू आणि मोरी तुंबलेली, अशी गत. आतड्याच्या भिंतीत रक्त भरत जातं, मग ते भिंतीत आणि पोकळीत झिरपतं. तुम्ही पाहिलंत ते काळंजांभळं, जड आतडं म्हणजे हेच साठलेलं रक्त.

त्याच वेळी आतलं अस्तर मरायला लागतं. हे अस्तर फक्त एका पेशीच्या जाडीचं असतं. अलीकडे लीद आणि असंख्य जंतू, पलीकडे रक्त, आणि मधे एवढीच भिंत. लहान आतड्यात ते मखमलीसारखं असतं, बारीक तंतूंनी भरलेलं. प्रत्येक तंतूच्या शेंड्यापर्यंत प्राणवायू मुळातच कमी पोचतो, म्हणून रक्त अडलं की आधी शेंडे सोलून निघतात, मग कडा, आणि शेवटी मखमल जाऊन नुसतं उघडं कापड राहतं. मोठ्या आतड्यात तंतू नसतात, तिथे वरचा थर आणि खालच्या खळग्यांतल्या पेशी जातात. नवं अस्तर याच खळग्यांतून उगवतं, म्हणून ते शाबूत आहेत की नाहीत यावर बरंच ठरतं. मोठ्या आतड्याचा पूर्ण पीळ तीन-चार तास राहिला तर बऱ्याचदा ते परत भरून येण्यापलीकडे जातं. बाहेरून रंग बरा दिसत असतानाही आतलं अस्तर गेलेलं असू शकतं.

भिंत उघडी पडली की जंतूंच्या आवरणातलं विष, ज्याला एन्डोटॉक्सिन म्हणतात, रक्तात शिरतं. घोडा या विषाला फार हळवा. नाडी धावते, हिरड्यांचा रंग बदलतो, कान आणि पाय गार पडतात, रक्तदाब कोसळतो. तुमची घोडी बहुधा या विषानं गेली. फाटलं काहीच नसेल, तरी गेली.

आणि "सूज" हा शब्द डॉक्टरांनी वापरला, त्याचा अर्थ वेगळा सांगायला हवा. इजा झाली की शरीर पांढऱ्या पेशी तिकडे पाठवतं. साफसफाई करणं हे त्यांचं काम, पण त्या जी रसायनं सोडतात त्यांनी आजूबाजूचं धड आतडंही भाजून निघतं. पीळ सोडवला, रक्त पुन्हा वाहू लागलं, की या पेशींची रीघ लागते. म्हणून ऑपरेशन यशस्वी झालं तरी पुढचे दोन-तीन दिवस आम्ही निर्धास्त नसतो. आतडं उलटंपालटं करताना हात लागला तेवढ्यानंही त्याच्या स्नायूंच्या थरात सूज येते आणि ते चालायचं थांबतं. मग वरचं पाणी पुढे सरकत नाही, जठरात साठतं, आणि दर काही तासांनी नाकातून नळी घालून ते काढावं लागतं. पुढे आतडी एकमेकांना चिकटण्याची भीती असते ती वेगळीच.

आता तुमचा दुसरा प्रश्न, शांत होण्याचा. घोडा शांत दिसायला चार वेगवेगळी कारणं असू शकतात. एक, तो खरंच बरा झाला. दोन, औषधानं दुखणं झाकलं. तीन, विष इतकं चढलं की तो गळून गेला. अशा घोड्याची मान खाली, डोळे अर्धे मिटलेले, कुणी आलं-गेलं तरी लक्ष नाही. चार, जठर किंवा आतडं फुटलं. यातलं चौथं सगळ्यात फसवं. तासभर जिवाच्या आकांतानं लोळणारा घोडा एकाएकी उभा राहतो, घरच्यांना हायसं वाटतं, आणि मग त्याला थरथर सुटते, गार घाम फुटतो. फुटलं की आतला ताण जातो, म्हणून दुखणं थांबतं. त्यानंतर वाचवायला काही उरत नाही.

खऱ्या बरेपणाची खूण चारा आणि लीद. बरा झालेला घोडा मूठभर गवत पुढे केलं की ओठ पुढे करतो. तुमची घोडी चार तास उभी होती आणि चाऱ्याला तोंड लावत नव्हती, ही खूण तिनं दिली होती.

नाडी मोजायला आजच शिका, तुम्ही आणि मोतद्दार दोघंही. खालच्या जबड्याच्या हाडाच्या कडेला, आतल्या बाजूनं, बोटं मागेपुढे फिरवली की सुतळीसारखी एक रक्तवाहिनी बोटाखालून सटकते. तिला हाडावर हलकं दाबून धरा, १५ सेकंद मोजा, चारनं गुणा. घोडा धडधाकट असताना आठ-दहा दिवस रोज मोजा म्हणजे बोटांना सवय होईल. मोठ्या घोड्याची नाडी २८ ते ४४ च्या दरम्यान असते. कळा येत असताना ५०-५५ झाली तर नवल नाही. पण वेदना थांबल्यावरही ६० च्या वरच असेल तर आतलं दुखणं संपलेलं नाही असं समजा. ८० च्या वर म्हणजे जिवावरचं. नाडी इंजेक्शनच्या आधी मोजून वेळेसकट लिहून ठेवा, कारण झायलाझिनसारखं गुंगीचं औषध दिलं की नाडी औषधानंच खाली येते आणि पोटातला आवाजही बंद होतो. नंतर आलेल्या डॉक्टरला त्यातून काही कळत नाही.

मग वरचा ओठ उचलून हिरडी बघा. फिकट गुलाबी आणि ओलसर असायला हवी. अंगठ्यानं दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत रंग परतला पाहिजे. विटकरी झाली, किंवा दातांच्या कडेनं जांभळी रेघ उमटली, तर विष रक्तात पोचलंय. बरगड्यांच्या मागे दोन्ही कुशींना कान लावा. गुडगुड ऐकू येते का, की शुकशुकाट आहे? या सगळ्याला पाच मिनिटं लागतात आणि रुपयाही लागत नाही.

बरंच पोटदुखीचं दुखणं साधं असतं, वायू किंवा घट्ट झालेल्या लिदीचं, आणि ते औषध, पाणी आणि थोडं चालवणं यावर निभावतं. पण फ्लुनिक्सिन हे वेदनाशामक दिल्यावर दोन-चार तासांत कळा परत आल्या, तर दुसरं इंजेक्शन देऊन वाट बघत बसायचं नाही. ते औषध त्याहून बरंच जास्त वेळ टिकायला हवं. ते मोडून दुखणं वर येतंय, म्हणजे आत काहीतरी अडलंय किंवा पिळलंय. त्या क्षणी गाडी मागवा. घोड्याचं पोट उघडण्याची सोय आपल्याकडे मोजक्याच ठिकाणी आहे. धुळ्या-नंदुरबारकडून निघालात तर रस्त्यातच सहा-सात तास जाणार. म्हणून "सकाळपर्यंत बघू" हे आपल्याला परवडत नाही. ऑपरेशनचा खर्च झेपणार नसेल तर तेही आधीच मोकळेपणानं बोला. त्यात कमीपणा नाही. निदान घोड्याला तासन्‌तास तडफडत ठेवायचं नाही, एवढा निर्णय वेळेवर घेता येतो.

आलेल्या डॉक्टरला दोन गोष्टी आग्रहानं करायला सांगा. पहिली, नाकातून जठरात नळी. दोन लिटरहून जास्त पाणी उलटं आलं तर लहान आतडं अडलेलं असण्याची शंका येते, आणि नळीमुळे जठर फुटण्याचा धोकाही टळतो. दुसरी, पोटातल्या पाण्याची तपासणी. पोटाच्या सगळ्यात खालच्या भागातून सुईनं थोडं पाणी काढतात. निरोगी पाणी गवती पिवळं आणि इतकं स्वच्छ असतं की बाटलीमागे वर्तमानपत्र धरलं तर अक्षरं वाचता येतात. लालसर, गढूळ निघालं तर आतड्याची भिंत झिरपू लागली आहे. माझ्या बॅगेत लॅक्टेट (प्राणवायू कमी पडला की पेशी जे सोडतात ते द्रव्य) मोजायचं छोटं यंत्र असतं, साखर मोजायच्या यंत्रासारखंच. रक्ताचा थेंब आणि पोटातल्या पाण्याचा थेंब, दोन्ही तपासतो. पाण्यातलं लॅक्टेट रक्तापेक्षा चांगलंच जास्त आलं तर आतड्याला फास बसल्याची शंका बळावते. या यंत्रानं मला जेवढे योग्य निर्णय वेळेत घ्यायला लावलेत तेवढे दुसऱ्या कशानं नाही. सोनोग्राफी असेल तर मोठ्या आतड्याची भिंत बघावी. ९ मिलिमीटरच्या वर जाड दिसली तर पिळाचा संशय घट्ट होतो.

तेल, हिंगाचं पाणी, ओव्याचा काढा बाटलीनं किंवा नळकांड्यानं पाजू नका. ओकता न येणाऱ्या जनावराच्या भरलेल्या पोटात आणखी भर पडते, आणि धडपडीत थोडं जरी श्वासनळीत गेलं तरी फुप्फुसाचा दाह होतो. पोटदुखीतून वाचलेला घोडा आठवड्यानं न्यूमोनियानं गेलेला मी पाहिलाय. माणसांच्या दुकानातलं डायक्लोफेनॅकही टोचू नका. २००६ पासून जनावरांसाठी ते बंद आहे, कारण असं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं तर गिधाडं मरतात.

वेदनाशामकांबद्दल एक बारकावा आहे, तुमच्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडेल. अस्तर स्वतःला दुरुस्त करतं तेव्हा उरलेल्या पेशी पसरून उघडी जागा झाकतात आणि मग पेशींमधल्या फटी बुजवल्या जातात. फटी बुजवायला प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य लागतं. दुखणंही काही प्रमाणात त्याच द्रव्यामुळे होतं, आणि फ्लुनिक्सिन ते सरसकट थांबवतं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीत अँथनी ब्लिक्सलेगर यांच्या गटानं घोड्याच्या लहान आतड्याचं रक्त दोन तास अडवून नंतरची भरपाई मोजली. फ्लुनिक्सिन दिलेल्या घोड्यांत भिंत १८ तासांनंतरही गळकी राहिली, फिरोकॉक्सिब हे दुसरं वेदनाशामक दिलेल्यांत ती बरीच सावरली. याचा अर्थ फ्लुनिक्सिन टाकून द्यायचं असा मी घेत नाही. कळ मोडायला अजूनही माझा पहिला हात तिकडेच जातो. पण कारण न शोधता एकावर एक डोस मारले तर आपण दुखणंही झाकतो आणि दुरुस्तीही लांबवतो. लंगडणाऱ्या घोड्याला आठवडा-आठवडा ब्यूट, म्हणजे फिनाइलब्यूटाझोन हे वेदनाशामक, चारणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं. पाणी कमी पिणाऱ्या घोड्यात त्यानंच मोठ्या आतड्याला व्रण पडतात.

विष चढलेला घोडा वाचला तरी खुरांच्या आत लॅमिनायटिस, म्हणजे खूर आणि हाड जोडणाऱ्या थराचा दाह, होऊन पायावरून जाऊ शकतो. तिथे बर्फ कामाचा. मागे एका घोड्याला आतड्याच्या दाहानं पाण्यासारखे जुलाब लागले होते. हिरड्या विटकरी, नाडी ७२. सलाईन चालू होतंच, पण मालकानं गावच्या बर्फ कारखान्यातून लाद्या आणल्या, फोडल्या, आणि जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून चारही पायांना गुडघ्याखालपर्यंत बांधल्या. दर दोन तासांनी बर्फ बदलायचा, रात्रीसुद्धा. तीन दिवस बाप-लेक आळीपाळीनं जागले. तो घोडा आजही चालतो, नाल ठोकून. पाय दुखायला लागल्यावर बर्फाचा उपयोग फारच कमी, तो आधी लावावा लागतो.

उरलेल्या दोन घोड्यांचं बघा. पाणी दिवसभर समोर हवं, थंडीत कोमट. चंदी एका वेळी दीड-दोन किलोच्या वर नको, आणि बदलायची तर आठ-दहा दिवसांत हळूहळू. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत दरवर्षी मी हेच बघतो: ट्रकचा प्रवास, थंडीनं पाणी कमी, नवा चारा, आणि कौतुकानं भरलेला हरभऱ्याचा तोबरा. तिसऱ्या दिवशी बोलावणं येतं. तापीकाठच्या रेतीवर चारा टाकला की चाऱ्याबरोबर रेतीही जाते, मोठ्या आतड्यात बसते आणि अस्तर खरवडत राहते. लिदीचे पाच-सहा गोळे बादलीभर पाण्यात कालवा, अर्धा तास ठेवा, तळाला रेती बसली तर चारा जमिनीवर टाकणं बंद करा आणि इसबगोल किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारा. जंताचं औषध लीद तपासून द्या. दर महिन्याला डोळे झाकून देऊ नका.

आणि शिंगरू. दीड महिन्याचं आहे, वाचतं. घोडीच्या दुधाची पावडर मिळाली तर उत्तम, नाहीतर शेळीचं दूध तसंच द्या. गायीचं देणार असाल तर साय काढलेलं, लिटरला २० ग्रॅम डेक्स्ट्रोज घालून. साखर किंवा गूळ घालू नका, शिंगराला तो पचत नाही आणि जुलाब लागतात. दिवसाला त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढं दूध लागेल, पण पहिले दोन-तीन दिवस त्याच्या निम्म्यावरच ठेवा. थोडं थोडं, दर तीन तासांनी, रात्रीही. उथळ बादलीत बोट बुडवून चाटवलं की एक-दोन दिवसांत बादलीतून प्यायला शिकतं. घरच्या दोन घोड्यांतला जो गरीब स्वभावाचा असेल त्याच्या शेजारी त्याला बांधा, एकटं ठेवू नका. त्याचं वजन आणि लिदीचा एक फोटो पाठवा, दुधाचं नेमकं माप मी लिहून देतो.